तीनशेचे साडेसदतीस

तीनशेला आठाने भागलं की साडेसदतीस येतात. हा भागाकार शाळकरी पोरालाही जमतो, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एकाही सुशिक्षित माणसाला तो करावासा वाटत नाही. त्यांत पहिला मी. ‘आमच्याकडे तीनशे एमबीपीएसचं इंटरनेट आहे’ असं म्हणताना छाती जेवढी पुढे येते, तेवढी ‘सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट’ म्हणून येत नाही. आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजीत बिटचा बी लहान आणि बाइटचा मोठा; सगळी प्रतिष्ठा त्या एका अक्षराच्या उंचीवर उभी. त्यातून साडेसदतीस हा आकडा वेगाचा वाटतच नाही, काखेतल्या थर्मामीटरचा वाटतो. अर्थात तिथेही तो कुणाला घाबरवणार नाही, कारण आपल्या घरात थंडी सेल्सिअसमध्ये पडते आणि ताप फॅरनहाइटमध्ये चढतो. निफाडचा पारा चारवर उतरला की आपण अभिमानाने कुडकुडतो, पोराचं अंग एकशे एकला गेलं की डॉक्टरकडे धावतो. निफाडचे चार म्हणजे फॅरनहाइट एकोणचाळीस हे मात्र कुणी सांगत नाही. सांगितलं तर कुडकुडण्यातली शान जाईल. माझा मुद्दा एवढाच, की एककं बदलणं आपल्याला अवघड जात नाही. आकडा जिथे शोभून दिसतो तिथून त्याला हलवायला जिवावर येतं.

यावर कुणी म्हणेल, ही तर सरळ कंपन्यांची लबाडी: आकडा फुगवायचा म्हणून बिट. तसं नाही. तारेतून माल जातो तो बिटांच्याच हिशेबाने, आणि मोजणाराही तेच मोजतो. क्लॉड शॅनन यांच्या १९४८च्या निबंधात बिट आहे. बाइट हा शब्द आला १९५६मध्ये, आयबीएममधल्या वेर्नर बुखहोल्ट्झ यांच्याकडून, आणि तो नेहमी आठच बिटांचा असेल असंही तेव्हा ठरलेलं नव्हतं. टेलिफोनवाल्यांनी माणसाचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा टिपला, दर टिपणाला आठ बिट दिले आणि ६४ किलोबिटची एक वाट आखली. अशा ३२ वाटा एकत्र बांधल्या की २.०४८ मेगाबिट. त्यांचा किलोही हजाराचाच, संगणकाच्या स्मृतीतल्यासारखा १,०२४चा नाही. म्हणजे बिट ही या धंद्याची प्रामाणिक, वडिलोपार्जित भाषा आहे. उलट आठाने भागूनही हिशेब संपत नाही. इथरनेटच्या तारेवर १,५३८ बाइट जागा अडते तेव्हा आपल्या फायलीचे जेमतेम १,४६० बाइट पोहोचतात, बाकीचा पत्ता आणि वेष्टण. साडेसदतीसचे तिथेच साडेपस्तीस होतात. तेव्हा जाहिरातीत तीनशे छापणारा खोटं बोलत नाही. तो फक्त मला माझ्या आवडीचं खरं सांगतो.

आणि नाशिककराला रूपांतर जमत नाही असं तर कुणी म्हणूच नये. पावसाळ्यात गोदाकाठी उभं राहून ऐकावं. गंगापूर धरणातला साठा दशलक्ष घनफुटांत, म्हणजे दलघफूत: भरलं की ५,६३०. सोडतात तो विसर्ग क्युसेकमध्ये, सेकंदाला घनफूट. खाली जायकवाडी धरणाला द्यायच्या पाण्याचा वाद टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. २००५च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटप आल्यापासून ज्या माणसाला नळाचं बिल उलगडत नाही तोही सांगतो, की ११,५७४ क्युसेक अखंड एक दिवस चालले की एक टीएमसी गेलं. वर्तमानपत्राच्या मागे बॉलपेनने केलेला हा गुणाकार सहसा चुकत नाही, कारण त्यामागे राग असतो. आणि पूर आला की हीच माणसं सगळी एककं गुंडाळून ठेवतात आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. जगातल्या कुठल्याही मानकसंस्थेने न नेमलेलं हे मापक, पण सराफ बाजारातल्या दुकानदाराने माल माळ्यावर कधी चढवायचा हे तेच ठरवतं. क्युसेक ऐकून कुणी शटर ओढत नाही. मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हटल्यावर ओढतात. या देवाचं मला फार कौतुक आहे. त्याला आठाने भागता येत नाही आणि त्याचा आकडा फुगवताही येत नाही. फुगली तर नदीच.

आता हीच धरणाची रीत इंटरनेटला लावा. वेग म्हणजे विसर्ग, तो बिटमध्ये. महिन्याचा कोटा म्हणजे साठा, तो बाइटमध्ये. ३०० मेगाबिट अखंड चोवीस तास वाहिले तर ३,२४० गीगाबाइट होतात. आणि कित्येक ‘अमर्याद’ योजनांच्या तळटिपेत बारीक अक्षरांत महिन्याची मर्यादा असते ३,३०० गीगाबाइट. म्हणजे पूर्ण वेगाने वापरलं तर अमर्यादपणा साधारण साडेचोवीस तास टिकतो. चोवीस तास नळ पूर्ण सोडून कोण बसतं, असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. एवढं घरात कुणाला लागत नाही. पण मग तीनशे तरी कशाला लागतात, हा प्रश्न मात्र कुणी स्वतःला विचारत नाही.

इथे मला खरोखरच चीड येते. कारण ज्याला हा भागाकार करून काही मिळणार आहे, त्याच्याकडे भागायला आकडाच नसतो. २००४च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट होतं, २०२३च्या जानेवारीपासून ते २ मेगाबिट झालं. पण तो वेग माल उतरवण्याचा. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरच्या शेतकऱ्याला पिकाच्या सरकारी नोंदीसाठी, म्हणजे ई-पीक पाहणीसाठी, बांधावर उभं राहून भाताचा फोटो काढून वर पाठवायचा असतो. दोन मेगाबाइटचा फोटो म्हणजे १६ मेगाबिट. वर जाताना २५६ किलोबिटच मिळाले तर तो एक मिनिटाहून जास्त घेतो, आणि तेवढा वेळ सिग्नलची काडी टिकली पाहिजे. नाही टिकली तर पहिल्यापासून. चढत्या वेगाबद्दल व्याख्या काही बोलत नाही आणि आमच्यासारखे तीनशेवाले विचारत नाहीत, कारण आम्हाला वर पाठवायचे असतात ते वाढदिवसाचे फोटो.

उपाय म्हणून जाहिरातीत दोन्ही आकडे शेजारी छापावेत, चढता वेगही छापावा, अशी मागणी करता येईल, आणि मी ती करतोही. ग्राहक गोंधळेल, असं सांगतात. टीएमसी तोंडपाठ असलेल्या गावात हे कुणी सांगू नये. खरी अडचण वेगळी आहे. साडेसदतीस डोळ्यांसमोर छापलेलं दिसलं तर मला ते अर्धंमुर्धं वाटेल, आणि दरमहा थोडे जास्त पैसे मोजून मी चारशेची योजना घेईन. त्याचे बरोब्बर पन्नास होतात.