चातुर्मासातल्या गोगलगायी

श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल. चातुर्मासाचे हे नेम ज्यांनी घालून दिले, त्यांनी आधी परसात पालक लावून पाहिला असणार. पावसाळ्यात पालेभाजी माणसासाठी उरतच नाही. मग जे पानात पडणारच नाही ते व्रत म्हणून सोडून दिलेलं काय वाईट? निदान पुण्य तरी गाठीला!

आमच्या वाफ्यावर सध्या शंखी गोगलगायींचा मुक्काम आहे. ही बया मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंख-अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत ती मोकळी सुटली. २०२२च्या खरिपात तिने मराठवाड्यात कोवळं सोयाबीन फस्त केलं. तिथे माझ्या चार बोटं माठाची काय कथा!

दिवसा ही कुठे दिसायची नाही. रात्री टॉर्च मारावा, तर पालकाच्या पानावर बाईसाहेब मान लांबवून निवांत जेवताहेत. उजेड पडला की शिंगं आत. जरा दम धरला की एकेक करून पुन्हा बाहेर, आणि जेवण पुढे चालू. खवणीसारख्या जिभेवर हजारो बारीक दात. त्यातून प्रत्येक गोगलगाय नरही आणि मादीही, म्हणजे अंडी सगळ्याच घालणार, आणि तीही एका खेपेला शंभराच्या वर.

राख पसरा, असं शेजारच्या काकांनी सांगितलं. पहिल्याच सरीने ती गटारात नेली. अंड्यांची टरफलं टाका म्हणाले, पण श्रावणात आमच्या घरात अंडं आणायची कुणाची प्राज्ञा आहे? शेतकऱ्यांचा उपाय मात्र नामी. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं. सकाळी उचललं की खाली सगळी मंडळी हजर. हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडायच्या.

इथे आईचं घोडं अडलं. "श्रावणात जीव घेतोस?"

"अगं, श्रावण संपेपर्यंत थांबलो तर त्यांना नातवंडं होतील."

बऱ्याच घासाघिशीनंतर सोमवारची सुट्टी मंजूर झाली, गोगलगायींना. बाकी दिवशी आई तिकडे बघत नाही. तिची तक्रार आता निराळीच आहे.

"एवढा चांगला कोल्हापुरी गूळ कशाला घालतोस रे त्यांना? डब्याच्या तळाशी तो जुना काळा आहे ना!"