स्नायूंशी तहनामा

मांडीच्या मागील बाजूस जे तीन स्नायू नांदतात, ते केवळ नाममात्र आपल्या अंमलाखाली असतात, ही गोष्ट ज्यांना पटत नसेल त्यांनी गुडघे न वाकवता पायांच्या अंगठ्यांस हात लावून पाहावा. माझे हे तिन्ही स्नायू, बैठ्या लेखनव्यवसायाच्या कृपेने, जुन्या वतनदारांसारखे इतके निर्ढावले होते, की थकलेल्या वसुलीसाठी अखेर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे रुजू होणे भाग पडले.

बाई वयाने माझ्या कन्येएवढ्या. त्यांनी मला उताणे निजविले, माझी उजवी टाच स्वतःच्या खांद्यावर घेतली, गुडघा वाकू नये म्हणून त्यावर हात ठेवला, आणि पाय सावकाश वर नेण्यास प्रारंभ केला. जेथे तो अडला तेथे आता बळजोरी होणार, अशा खात्रीने मी डोळे मिटून कुलदैवताचे स्मरण करीत असता त्या म्हणाल्या, "काका, आता टाचेनं माझा खांदा खाली दाबा. श्वास रोखू नका." ज्या दिशेने पाय जावा म्हणून मी फी भरली होती, तिच्या नेमक्या उलट दिशेने जोर लावण्याचे हे फर्मान ऐकून मला त्यांच्या पदवीविषयी शंका आली. सहापर्यंत मोजून त्या "सोडा" म्हणाल्या. आणि काय आश्चर्य, तोच पाय विनातक्रार वीतभर वर गेला!

या मसलतीचे मर्म असे, की स्नायूला एकदम हिसका दिला तर त्याच्या आत बसलेले ताणसंवेदक मज्जारज्जूकडे परस्पर वर्दी देतात आणि मेंदूची मंजुरी येण्यापूर्वीच स्नायू आखडतो. म्हणून त्याला आधी मनसोक्त विरोध करू द्यावा, आणि तो ढिला पडताच हलकेच मुलूख वाढवावा. 1932 साली नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शेरिंग्टनच्या प्रतिक्षेपविषयक संशोधनाचा आधार घेऊन, 1940 च्या दशकात अमेरिकेत डॉ. हर्मन कॅबॅट आणि मार्गारेट नॉट यांनी पक्षाघात व पोलिओच्या रुग्णांसाठी जी उपचारपद्धती सिद्ध केली, तिच्यातूनच ही युक्ती आमच्यासारख्या निव्वळ आळशांपर्यंत झिरपली. अलीकडचे संशोधक तर म्हणतात, की एका बैठकीत स्नायूची लांबी फारशी वाढतच नाही; वाढते ती ताण सोसण्याची आपली तयारी. संसारी माणसास हा सिद्धान्त नवा वाटू नये.

बाईंनी घरी करण्यासाठी जो धडा दिला तो त्यामानाने अगदीच नीरस होता: पायाच्या तळव्याभोवती पंचा अडकवून तो स्वतःच ओढावयाचा आणि अर्धा मिनिट तसेच पडून राहावयाचे. त्या अर्ध्या मिनिटात दूधवाला, टपालवाला आणि वर्गणीवाले यांपैकी कोणीतरी हटकून दार ठोठावतो.

वाचकांस विनंती एवढीच, की कंबरेतून पायात कळ उतरत असेल तर प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आणि तशी तक्रार नसली, तरी तालमीचा शौक असलेल्या मेहुण्याच्या खांद्यावर आपली टाच मुळीच ठेवू नये.