कादंबरी यायची आहे, दावे आले

आमचा एक लेखकमित्र सध्या ऐतिहासिक रहस्यकादंबरी लिहितो आहे. पुस्तक छापखान्यात गेलेले नाही, शेवटची प्रकरणे तर अजून त्याच्या डोक्यातच आहेत. तरीही वाचकांच्या प्रतिक्रिया येऊन पडायला लागल्या आहेत. चूक त्याचीच. डिचोलीतल्या एका वाङ्मयीन कार्यक्रमात दोन टाळ्या जास्त मिळाल्या आणि त्याच्या तोंडून कथानक सुटले. पेडण्यातला एक जुना वाडा, १९६१ चा डिसेंबर, घराण्याचे दागिने एका रात्रीत नाहीसे होतात आणि साठ वर्षांनी नातीला डिचोलीहून आणलेल्या समईत एक नकाशा सापडतो.

दुसरीकडे कुठे लोकांनी एवढे ऐकून चहा घेतला असता आणि घरी गेले असते. इथे गोव्यात दारातच एका गृहस्थांनी त्याला गाठले. "बाब, त्या वाड्याचो सर्व्हे नंबर कितें?"

मित्र म्हणाला, वाडा काल्पनिक आहे. गृहस्थ समजूतदारपणे हसले. काल्पनिक वाड्याला सर्व्हे नंबर नसतो हे त्यांना मान्य होते. पण नंबर नसलेला वाडा म्हणजे भानगडीचा वाडा, असे त्यांचे मत पडले. दुसऱ्या दिवशी तालुकाभर झाले की लेखक काहीतरी लपवतो आहे.

पेडण्यात वाडा म्हटला की लोकांची बोटे आधी देशप्रभूंच्या वाड्याकडे वळतात, कारण पोर्तुगीज राजाने व्हिस्कौंट केलेले दुसरे घराणे या तालुक्यात नाही. मित्राने शपथेवर सांगितले की हा वाडा तो नव्हे. त्यामुळे झाले एवढेच, की उरलेल्या सगळ्या घरांना आपला नंबर लागला असे वाटू लागले. ज्याच्या आजोबांकडे पडवीचे दोन खांब आणि एक गळका सोपा होता, त्याच्याही घरी आता एक हरवलेली पुतळ्यांची माळ आहे.

डिचोलीच्या प्रतिक्रिया तांत्रिक स्वरूपाच्या आहेत. एका कासाराने निरोप धाडला: समई भागाभागांनी ओततात आणि आट्यांवर जोडतात, तेव्हा दांड्यात कागद मावेल, त्याला हरकत नाही. पण समई दर सणाला सुटी करून चिंच लावून घासायची असते. साठ वर्षांत तो कागद कुणालाच दिसला नाही, याचा अर्थ त्या घरात साठ वर्षे समई घासली गेली नाही. पेडण्यातल्या सुना असल्या नसतात. हे पान प्रसिद्ध झाले तर महिला मंडळाचे काय ते लेखकाने बघून घ्यावे.

मग वकील आले. कथानकात आजोबा सगळे दागिने धाकट्या मुलाच्या नावे करून ठेवतात, थोरला चिडतो आणि तिथून रहस्य सुरू होते. वकिलांनी वहीच मिटली. म्हणाले, रहस्य सुरूच होत नाही. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता. अर्धी मालमत्ता आजीची, ती आजोबांना देताच येत नाही. राहिलेल्या अर्ध्यातला अर्धा भाग कायद्यानेच वारसांसाठी राखीव. आजोबांच्या मर्जीत काय, तर पाव हिस्सा. पाव हिश्शासाठी कोणी खून करतो का? मित्राने भीत भीत सांगितले की कोर्टात तशी माणसे बघितली आहेत. तेवढ्यात दुसरे वकील उठले: पेडणे नव्या काबिजादीत, तिथल्या हिंदूंना १८८० चा रिवाजांचा हुकूमनामा लागू, तो कोण वाचणार? दोघांची जुंपली ती संध्याकाळपर्यंत. माझ्या मते कादंबरीतला सर्वांत थरारक प्रसंग हाच ठरला असता, पण मित्राने तो घेतला नाही. त्याला त्यात भुयार घालता येईना.

भुयाराची त्याला गरज तरी काय, हे मला कळत नाही. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय फौजा सरहद्दीवर जमत असताना बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या बँकेने गोंयकारांचे गहाण ठेवलेले दागिने उचलले आणि लिस्बनला पोचवले. मुलीच्या लग्नासाठी, नाहीतर होडीसाठी, नारळाच्या भाटासाठी चार पैसे उचललेले. सुटवायला गेले तर बँकही नाही, पाटल्याही नाहीत. पुढे भारत-पोर्तुगाल संबंध १९७४ च्या करारानंतर जुळले, पण पाटल्या काही त्या करारासोबत आल्या नाहीत. त्या परत आल्या १९९१ मध्ये, तीस वर्षांनी. तोवर गहाण ठेवणारे किती तरी जण गेले होते. आता पावती कुणाकडे, वारस कोण, आणि हा कुडीजोड आपल्या आजीचा की शेजारच्या आजीचा, यावर घराघरांत जे झाले त्यापुढे कुठल्याही लेखकाने लेखणी खाली ठेवावी. दोन आज्यांचा जोड एकाच शेटाने घडवलेला असायचा.

अधल्यामधल्या काळात घरातल्या सोन्याचीही गंमतच होती. मुक्तीला वर्ष उलटते न उलटते तोच, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्ण नियंत्रण आले आणि नवा दागिना चौदा कॅरेटचाच हवा असा नियम झाला. ज्यांचे सोने लिस्बनला गेले नव्हते त्यांनी आपले ते भाताच्या कणगीत ढकलले. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि वर्षभरात गहाणाचे दागिने परत आले. कादंबरीत हा योगायोग लिहिला असता तर समीक्षक म्हणाले असते, फारच ओढून आणला.

मित्राने दागिने पुरले आहेत डिचोलीतल्या एका टेकडीत. पोएटिक वाटले त्याला. खाणीवर आयुष्य काढलेल्या एका वाचकाने नकाशा नीट पाहिला आणि म्हणाला, नकाशा बरोबर आहे, टेकडी राहिलेली नाही. ती मशिनने उकरली, ट्रकांनी जेटीवर आणली, बार्जमधून मुरगावला आणि तिथून जहाजाने जपानला गेली. दागिने असलेच तर ओसाकातल्या एखाद्या पुलात असतील. मग दुसऱ्या खर्ड्यात मित्राने खजिना पेडण्यात मोपाच्या पठारावर हलवला. तिथे २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन झाले हे त्याच्या लक्षात आणून दिले, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

कादंबरीत एक गुप्तहेर आहे. पेडण्याच्या एका भाविकाला तो अजिबात पटलेला नाही. भगवतीचे देऊळ गावात असताना मुंबईहून माणूस आणायची काय गरज? गुरवाला सांगून देवीला प्रसाद लावावा, गाऱ्हाणे घालावे, चोर थोरला की धाकटा विचारावे. उजवीची पाकळी पडली तर थोरला, डावीची पडली तर धाकटा. मित्र कळवळून म्हणाला, अहो, मग पुस्तक अकराव्या पानावर संपेल. भाविक म्हणाला, "बेस बरें! कागदाचो दर बघितलां मरे तुवें?" भुताच्या प्रकरणाबद्दल मात्र त्याची तक्रार नाही. पुनवेच्या रात्री पेडण्यात भूत उतरवतात हे जगाला ठाऊक आहे, त्यामुळे तेवढा भाग वास्तववादी असल्याचे त्याने मान्य केले.

खलनायकावर टीका सगळ्यांत कडक झाली. बिचारा खलनायक बनावट खरेदीखत चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतो. एका वाचकाने विचारले, ही कुठल्या जमान्यातली गोष्ट? २०२२ मध्ये सरकारला बनावट कागदांनी लाटलेल्या जमिनींसाठी विशेष तपास पथक नेमावे लागले, चौकशी आयोग बसवावा लागला; परदेशी गेलेल्यांची आणि मेलेल्यांची घरे नव्या मालकांच्या नावावर निघाली. जिवंत मालकाला फसवणे हे आजकाल हौशी लोकांचे काम. आणि या खलनायकाला पोर्तुगीज येत नाही! त्याने निदान आल्वारा, म्हणजे जमिनीची जुनी पोर्तुगीज सनद, वाचायचा क्लास लावावा.

मयेच्या वाचकाचे पत्र छोटे होते. त्याचा गाव मालक पोर्तुगालला गेल्यापासून स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात राहिला, आणि लोकांना हक्क द्यायचा कायदा व्हायला २०१४ उजाडले. त्याने लिहिले: तुमच्या गोष्टीत फक्त दागिने हरवले आहेत ना? मजा आहे.

सावंतवाडीचे म्हणणे पडले की अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे आमचे, तेव्हा दागिनेही आमचे. हळर्णहून एकाने भर घातली: १७४६ मध्ये व्हाइसरॉयने आमचा किल्ला घेतला आणि गावाचे नाव पदवी म्हणून लिस्बनला नेले, अलोर्नाची मार्कीझ म्हणून पोर्तुगीज कवयित्री त्या नावावर प्रसिद्ध झाली, दागिने शोधताच आहात तर तेही घेऊन या. गिरगावातल्या यच्चयावत पेडणेकरांनी माणकाच्या खड्यावर हक्क सांगितला आहे. दिल्लीच्या एका वाचकाने कथा आवडली एवढे कळवून वाडा विकाऊ आहे का, समुद्र किती लांब, आणि आत स्विमिंग पूल बसेल का, अशी विचारणा केली. कादंबरी मराठीत का, कोकणीत का नाही, आणि कोकणीत असती तर देवनागरीत का, रोमीत का नाही, ही पत्रे आली. ती आली नसती तर मी काळजीत पडलो असतो.

आणि परवा मित्राकडे एक आजी आल्या. पेडण्याच्याच, ऐंशी उलटलेल्या. सबंध कथा त्यांनी मांडीवर हात ठेवून ऐकली. नकाशा, भुयार, लिस्बन, गुप्तहेर. मग म्हणाल्या, "बाबा, भांगर अशें हरवना." सोने हरवत नाही. धाकट्याच्या नोकरीसाठी दोन वाक्या जातात, नणंदेच्या लग्नात चंद्रहार आटतो, कुणाचे ऑपरेशन निघते, कुणाला मटक्याचा नाद असतो. शेटाला माहीत असते, घरच्या बाईला माहीत असते. विचारायला कोणी आले तर पोर्तुगिजांनी नेले म्हणून सांगायचे. ते काही उलट बोलायला येत नाहीत.

मित्राचे डोळे चमकले. शेवटचे प्रकरण त्याला सापडले होते. तो म्हणाला, "आजी, तसेच करतो. चोर घरातलाच दाखवतो."

"घरातलाच दाखव," आजी पिशवी उचलत म्हणाल्या, "पण पुस्तक दोन म्हयन्यांनी काढ. पुढच्या म्हयन्यांत आमच्या वांट्यांची इन्व्हेंटरी कोर्टात आसा."