एअर धरलीय

जानेवारीतल्या पहाटे जुन्या डिझेल जीपला तीनदा सेल्फ मारून बघा. तिसऱ्यांदाही ती चालू झाली नाही, की शेजारच्या कंपाउंडवर एक माकडटोपी उगवते. तुमच्याही गल्लीत एखादी असेलच. आमच्याकडे तिच्याखाली तात्या असतात.

"एअर धरलीय."

तात्या पाटबंधारे खात्यात कारकून होते. जन्मात एकच गाडी घेतली, लूना, तीही पेट्रोलवरची. पण निफाडचा पारा ५ अंशांवर आला, की द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, जीपवाले देव आठवतात आणि तात्या खुलतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पट दाबली, की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल पेटतं. थंडीत गार लोखंडच ती ऊब गिळतं, म्हणून हीटर प्लग. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत दम धरायचा, मग सेल्फ. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर पोचतच नाही. हे सगळं मला गॅरेजवाल्याने नीट समजावलं होतं.

"तात्या, धूर पांढरा आहे. हीटर गेला असेल."

"धूर नाही तो. एअर बाहेर पडतेय."

एकदा सेल्फ नुसताच टकटक करत होता. बॅटरीच्या टर्मिनलवर बोटभर पांढरी बुरशी, आंधळ्यालाही दिसावी अशी. तात्यांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "आतून एअर ठोकतेय." १८९७ साली ऑग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलने आपलं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हा तात्या तिथे नव्हते हे जगाचं नशीब.

मग विधी सुरू. दहाचा पाना. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हँडपंप अंगठ्याने दाबत राहायचा, फेसाळ डिझेल आधी तात्यांच्या स्वेटरवर आणि मग माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. बुडबुडे संपले की स्क्रू आवळून, "हां, मार आता!" तोवर साडेआठ वाजलेले असतात, बॉनेटवर ऊन आलेलं असतं आणि जीप आपोआप चालू होते. श्रेय तात्यांना.

हे निदान जीपपुरतं राहिलं असतं तर मी सोसलं असतं. लग्नात मंगलाष्टकांना माईक बंद पडला: एअर. राज्यातलं सरकार अडखळलं: एअर. त्यांचा पुण्यातला मुलगा फोनवर हल्ली दोनच वाक्यं बोलतो: "मध्येच कुठेतरी एअर धरलीय." नळाला पाणी आलं नाही तेव्हाही तेच. (तेव्हा ते बरोबर होते. मी त्यांना सांगितलेलं नाही.)

मागल्या वर्षी मात्र मी त्यांना पकडलं. काटा अडकला होता आणि टाकी ठणठणीत कोरडी.

"तात्या, डिझेलच नाही हो!"

"मग पंपाने इतका वेळ ओढलं काय?"

पाच लिटर ओतलं, तरी जीप ढिम्म. मी मुकाट्याने दहाचा पाना त्यांच्या हातात दिला.

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात पहाटेचा पहिला आवाज माझ्या सेल्फचा असतो, हे माझ्या लक्षात आलं ते जीप विकल्यावर. नव्या गाडीला बटण आहे. पंप टाकीतच, बाकी कारभार इलेक्ट्रॉनिक, वरून प्लॅस्टिकचं झाकण. पहिल्या दिवशी माकडटोपी वर आली, गाडी पहिल्याच दाबाला चालू झाली, टोपी खाली गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टोपी आलीच नाही.

चौथ्या दिवशी मी बटण दाबलं. दिवे लागले, इंजिन गप्प. या गाड्यांना क्लच दाबून ठेवावा लागतो. माझा पाय नसेल त्यावर. थंडीत राहतं असं.

"तात्या!"

ते स्लिपर अडकवत आले. बॉनेट उघडलं, झाकणावरून हात फिरवला, कडेने बोटं घालून स्क्रू चाचपला. कुठे सापडेना.

"लेका, हिने तर चिक्कार धरलीय. दहाचा आण."

मी पाना शोधायला घरात गेलो.