डाव्या काचेची साडेसाती

पंचांगाप्रमाणे २९ मार्च २०२५ ला शनिमहाराज मीन राशीत गेले आणि मेषेच्या मंडळींची साडेसाती सुरू झाली. आमचे साडू मेषेचे. साडेसातीत कुणाची नोकरी जाते, कुणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतं. साडूंनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. तीही अशी, की तिची किंमत मेहुणीने माझ्या बायकोला सांगितली आणि बायकोने मला सांगायचं टाळलं. घरात बी.पी.चा पेशंट असला की अशी काळजी घ्यावी लागते.

एवढी मोठी खरेदी शनीच्या कानावर घातलेली बरी, म्हणून जानेवारीत शिंगणापूरला जायचं ठरलं. पुढे साडू आणि मी, मागे दोघी बहिणी.

ह्या गाडीची खरी करामत म्हणजे शांतता. पेट्रोलच्या गाडीत वाऱ्याचा आणि टायरचा आवाज इंजिनाच्या घरघरीखाली झाकून जातो. इथे इंजिनच नाही, त्यामुळे झाकणारं कुणी नाही. म्हणून असल्या गाड्यांना नुसत्या पुढच्याच नाही, बाजूच्या काचाही दुहेरी बसवतात : दोन पातळ काचा आणि मधे प्लास्टिकचा पापुद्रा. ‘बाहेरचं जग आत येतच नाही, सर,’ असं शोरूममधल्या पोराने सांगितलं होतं, आणि वाघोलीपासून शिरूरपर्यंत साडू ते वाक्य आम्हाला ऐकवत होते. शिरूरला वरात आडवी आली. बँडवाले गाल फुगवून फुंकत होते, नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन नाचत होता आणि आत ऐकू येत होत्या फक्त मेहुणीच्या बांगड्या.

दुसरी करामत दारांची. दाराला वरची चौकटच नाही, काच सुटी उभी. हँडल ओढलं की काच आधी बोटभर खाली सरकते, मग दार उघडतं. दार लावलं की पुन्हा वर जाऊन रबरात बसते. सुप्याला चहाला थांबलो तेव्हा साडूंनी हे चहावाल्याला करून दाखवलं. तो म्हणाला, “ॲव्हरेज किती देती?” इलेक्ट्रिक आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “ते दिसतंय हिरव्या पाटीवरून. पण ॲव्हरेज?”

नगर ओलांडून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलो, इमामपूरचा घाट उतरलो आणि घोडेगावच्या अलीकडे ती गाठ पडली. डबल ट्रॉली. ज्यांनी कारखान्याच्या हंगामात नगर जिल्ह्यातून प्रवास केला आहे त्यांना एवढं पुरे, इतरांसाठी सांगतो. पुढे एक ट्रॅक्टर, त्याच्यामागे एकापुढे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, त्यांत ट्रॉलीच्या रुंदीला न जुमानता रचलेला ऊस, मागे दिवा नाही, आणि ट्रॅक्टरच्या टपावर लग्नाच्या मांडवात शोभावेत असे दोन स्पीकर. त्यांतलं गाणं आमच्या दुहेरी काचेतून आत आलं. शब्दांसकट. साडूंच्या गाडीचा पहिला अपमान इथे झाला. आवाज मागे टाकायला म्हणून त्यांनी गाडी उजवीकडून काढली, आणि ट्रॉलीतून हातभर बाहेर आलेला एक ऊस आपल्या टणक बुडख्यासह माझ्या कानाशी येऊन आदळला.

‘फट्’ असा कोरडा आवाज झाला आणि अख्खी काच पांढरी पडली. पण जागची हलली नाही. “पाहिलंत?” साडू म्हणाले, आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्या आवाजात अभिमान होता, “पडली नाही! दुहेरी आहे!”

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबर होतं. आमच्या जुन्या मारुतीसारख्या गाड्यांना बाजूची काच कडक केलेली असते : सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि वाऱ्याच्या झोतांनी झटकन गार करायची. बाहेरून घट्ट आवळलेली, आतून ताणलेली. ती फुटली तर क्षणात सगळीचे बोथट खडे होतात आणि मांडीवर येतात. दुहेरी काच तडकते, पण मधला पापुद्रा तिला धरून ठेवतो. अर्थात मोठमोठ्यांची काचेने फजिती केली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला टेस्लाने आपला सायबरट्रक लोकांसमोर आणला, तेव्हा काच किती मजबूत आहे हे दाखवायला तिच्यावर पोलादी गोळा फेकला. काच तडकली. मग दुसऱ्या खिडकीवर फेकला. तीही तडकली. गोळ्यावर पैसे घालवण्याऐवजी त्यांनी नेवासे तालुक्यातला ऊस मागवायला हवा होता.

घोडेगावात चहाच्या टपरीशी गाडी उभी केली. माझ्या बाजूचं दार कुणी उघडू नका, असं साडू काचेतून हातवारे करून सांगत होते. पण बाहेरचं आत येत नाही तसं आतलंही बाहेर जात नाही. टोपीवाले एक बाबा मोठ्या अगत्याने पुढे आले आणि “उतरा, पाव्हणं” म्हणत त्यांनी हँडल ओढलं.

मोटर नियमाला जागली. काच बोटभर खाली जायला निघाली, तडकलेली असल्यामुळे मधेच वाकली आणि भिजलेल्या गोधडीसारखी बाहेर लोंबली. बाबांनी घाबरून दार लावलं. काच वर निघाली, स्वतःच्याच तुकड्यात अडकली. आता लहान मुलांची बोटं सापडू नयेत म्हणून ह्या गाड्यांत सोय असते, की वाटेत काही आलं तर काच आपोआप मागे फिरते. ती फिरली. पुन्हा वर आली. पुन्हा फिरली. दरवेळी दाराच्या पोटात कुरकुर वाजे, पडद्यावर तांबडी खूण उमटे आणि आतली बाई गोड इंग्रजीत काहीतरी सुचवी. शेवटी टपरीवरच्या चौघांनी मिळून ती काच ओढून काढली आणि बाकड्याशी उभी केली.

मग तपास सुरू झाला. गुन्ह्याचं हत्यार, म्हणजे ऊस, दारात अडकून बरोबर आला होता. बाबांनी तो हातात घेतला, कांड्या मोजल्या, एक पेर दाताने सोलून चावलं आणि निकाल दिला, “शहाऐंशी झिरो बत्तीस.”

“छ्या, दोनशे पासष्ट हाय,” दुसरा म्हणाला.

“पासष्टाला आसं वजन हाय का? ह्ये धर.”

८६०३२ हे वाण पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ साली ‘नीरा’ ह्या नावाने महाराष्ट्रात आलं. २६५ त्याच्या नंतरचं. उताऱ्याच्या नावाखाली कारखान्यांनी २६५ ला नाकं कशी मुरडली, ह्यावर अर्धा तास चर्चा झाली. काचेबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. साडूंनी दोनदा विषय आणायचा प्रयत्न केला तेव्हा बाबा म्हणाले, “काचंचं काय, मिळंल. उसाला तोड मिळंना आमच्या.”

साडूंनी कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन लावला. तिकडच्या बाईंनी सहानुभूती व्यक्त केली, गाडीचा सतरा अक्षरी नंबर घेतला आणि काच परदेशातून येईल, दीड-दोन महिने धरा, असं सांगितलं. किंमतही सांगितली. ती ऐकून साडू बाकावर बसले. मग विम्याच्या एजंटाला फोन. तो हर्षाने म्हणाला, “काच ना? मग उत्तम!” विम्याच्या नियमात रबर आणि प्लास्टिकच्या वस्तूंची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, काचेवर मात्र घसारा शून्य. बाकी गाडी दिवसागणिक म्हातारी होते, काच तेवढी चिरतरुण. पण क्लेम केला की नो-क्लेम बोनस गेला. तो पहिल्या वर्षाला २० टक्के असतो आणि वाढत वाढत ५० वर जातो. साडू बोटांवर हिशेब करू लागले : काच इतकी, बोनस तितका. मेहुणी मागून म्हणाली, “आधी देवाला जाऊ या. साडेसाती आहे.”

उरलेले पाच-सहा किलोमीटर मी नगर जिल्हा जसा आहे तसा पाहिला. पाहिला म्हणजे नाकाने. घोडेगावच्या बाजारातला कांदा आला, त्यामागे कुठल्याशा कारखान्याच्या मळीचा वास आला, मग शेणखत, मग रसवंत्यांमधलं आलं आणि लिंबू. लाकडी चरकाभोवती फिरणाऱ्या बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. थंडीही आली. पुण्यापासून ज्या जगाला आम्ही बाहेर ठेवलं होतं ते सगळं डावीकडून आत शिरून माझ्या मांडीवर बसलं. आणि मग लटकू आले.

शिंगणापूरच्या रस्त्यावर भाविकांच्या गाड्या अडवून विशिष्ट दुकानातूनच तेल-फुलं घ्यायला लावणारी ही कमिशनवरची पोरं. मोटारसायकलवरून बाजूला येतात, चालत्या गाडीला हात दाखवतात. काच वर करून पुढे जाणं हा त्यांच्यावरचा एकमेव उपाय. आमच्या गाडीला तो नव्हता. एक लटकू कोपरापर्यंत आत आला, डॅशबोर्डवरचा लांबलचक पडदा पाहून भारावला आणि तेल, रुईची माळ, काळी बाहुली विसरून म्हणाला, “कितीला बसली, शेठ?”

शिंगणापूर हे जगातलं एकमेव गाव असेल जिथे आमची गाडी कुणाला विचित्र वाटली नाही. इथल्या घरांना दारं नाहीत. चौकट आहे, पडदा आहे, रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून टेकवलेली फळी आहे. पण कडी-कुलूप नाही. चोरी करील त्याला शनिदेव बघून घेतील. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलपाविना शाखा उघडली, तेव्हा त्यांनी काचेचं दार लावलं आणि ते बंद ठेवायला लोकांना न दिसणारी विजेवर चालणारी चुंबकाची युक्ती केली. बँक झाली तरी तिला साडूंसारखंच वाटणार. गावाला पोलीस ठाणं मिळालं तेही २०१५ मध्ये.

“बघा,” मी म्हणालो, “इथे गाडी उघडी ठेवली तरी चालते. खुद्द शनिदेव राखण करतात.”

साडूंनी मोबाइल काढला आणि मला बातमी दाखवली. २०१० साली एका भाविकाने ह्याच गावात तक्रार दिली होती : ३५ हजारांचा ऐवज चोरीला गेला. कुठून? गाडीतून. ती चोरी गावाच्या हद्दीबाहेर झाली, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. पण साडूंना हद्दीत रस नव्हता. “तुम्ही बसा गाडीत,” ते म्हणाले, “मी तुमच्या वतीने तेल घालतो.”

अशा रीतीने कुलूप नसलेल्या गावात राखणदार म्हणून नेमलेला मी बहुधा पहिलाच माणूस असेन. बसल्या बसल्या तीन जणांना ॲव्हरेज सांगितलं, एका आजीबाईंना पत्ता सांगितला, एका शाळकरी पोराला स्टिअरिंगवर बसवून त्याच्या बापाला फोटो काढू दिला. चोर आला नाही. एक बकरी आली. तिने उसाची उरलेली दोन कांडी नेली आणि साडूंच्या विम्याचा पुरावा संपवला.

परतताना नगरला स्टेशन रोडच्या एका काचवाल्याकडे गेलो. मिस्त्रींनी खिशातून चष्मा काढला आणि आम्ही डिकीतून आणलेल्या काचेचा कोपरा पुसून त्यावरची बारीक अक्षरं वाचली. काचेच्या कोपऱ्यात तिची जातकुळी लिहिलेली असते : कुणी केली, कुठल्या प्रकारची, कुठल्या मानकात बसते. वाचून त्यांनी ती अदबीने खाली ठेवली.

“अहमदनगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा,” मिस्त्री म्हणाले, “तुमची काच दोन्हीकडं नाही.”

“तात्पुरतं काही?”

“रणगाडा म्युझियमला एक रोल्स रॉइस उभी हाय बघा, चिलखताची. तिला काचच नाही, पत्रा. तसलं म्हणत असाल तर ठोकून देतो.”

साडूंना तो विनोद पेलला नाही. मग मिस्त्रींनी दाराच्या आतलं पॅड उघडलं, पोटातले तुकडे चिमट्याने एकेक काढले, मोटरची पिन सोडवली, तेव्हा कुठे आतली बाई गप्प झाली. आणि शेजारच्या शेतीसामानाच्या दुकानातून त्यांनी शेततळ्याचा कागद आणवला. पाचशे मायक्रॉनचा, काळाकुळकुळीत. ह्या जिल्ह्यात पाणी धरून ठेवणारी वस्तू वारा अडवायला काय कमी पडणार? दाराच्या मापाने कापून, कडेने चिकटपट्टी मारून त्यांनी खिडकी बंद केली आणि उरलेली गुंडाळी मागच्या सीटवर ठेवली. “सुटला तर दुसरा लावा.”

केडगाव सोडलं आणि गाडीने साठचा वेग घेतला, तेव्हा तो कागद फडफडू लागला. ऐंशीला त्याने ठेका धरला. दोघी बहिणी मागे ओरडून बोलू लागल्या. साडू गप्प. पडद्यावर बॅटरीचे किलोमीटर नेहमीपेक्षा भराभर उतरत होते, कारण वाऱ्याला आता धरायला जागा मिळाली होती.

सुप्याच्या अलीकडे पोलिसाने हात केला. “काळी काच?” तो म्हणाला. “सुप्रीम कोर्टाचा दोन हजार बाराचा आदेश माहीत नाही? फिल्म चालत नाही कसलीच.”

“साहेब, फिल्म नाही,” साडू म्हणाले.

“मग काच काळी?”

“काचच नाही.”

पोलीस क्षणभर थांबला. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा हे त्याला पाठ होतं. काचच नसेल तर किती टक्के, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याने माझ्या बाजूला येऊन कागदाला बोट लावलं, चिमटीत धरून पाहिलं.

“शेततळ्याचा का?”

“हो.”

“किती मायक्रॉन?”

“पाचशे.”

त्याचा चेहरा एकदम घरचा झाला. त्याने आत डोकावून मागच्या सीटवरची गुंडाळी पाहिली. “आमच्या तळ्याला उंदरांनी भोकं पाडलीत,” तो म्हणाला. “ठिगळापुरता तुकडा कुठं मिळंना. नवीन कागद घ्यायचा तर अख्ख्या तळ्याचा घ्यावा लागतो.”

साडूंनी मागे वळून मेहुणीकडे पाहिलं. मेहुणीने गुंडाळी उचलून पुढे दिली. पोलिसाने ती टॉर्चच्या उजेडात बॉनेटवर पसरली आणि वितीने मोजायला सुरुवात केली.