बँकॉकशेठ

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मोंढ्यात जा. बी-बियाणं आणि खतांच्या दुकानांच्या रांगेत एक तरी मालक असा भेटतो, की ज्याचं वेरूळ-अजिंठा अजून ‘एकदा बघू’मध्ये अडकलेलं असतं, बँकॉक मात्र तोंडपाठ असतं. माजलगावच्या मोंढ्यात अशा माणसाला बँकॉकशेठ म्हणतात. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे. पण परवाना फवारणीच्या पंपांमागे लटकवलेला असल्यामुळे ते कृषी अधिकाऱ्याखेरीज कुणाच्या वाचनात येत नाही.

गल्ल्याच्या वर तीन फोटो आहेत. तुळजाभवानी, वडील आणि सुवर्णभूमी विमानतळ. तिसऱ्या फोटोत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे आणि त्याच्यापुढे एकाच रंगाच्या टोप्या घातलेले दुकानदार दाटीवाटीने उभे आहेत. शेठ दानवांच्या बाजूला आहेत. ‘‘तिकडं जागा हुती,’’ एवढंच त्यांचं म्हणणं.

थायलंडला जायला पासपोर्ट लागतो, असा एक समज आहे. मोंढ्यात पाऊस लागतो. उन्हाळ्यात कंपनीची स्कीम येते : अमुक इतका माल उचला, हंगाम संपला की बँकॉक-पटाया, चार रात्री पाच दिवस. कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ पासून दिल्लीत ठरते. भावात हातपाय हलवायला फारशी जागा नाही म्हटल्यावर कंपन्या दुकानदारालाच विमानात बसवतात. मृग बरसला की शेठ पासपोर्टची मुदत तपासतात. मृगाने दगा दिला की दुबार पेरणी येते. शेतकरी कपाळाला हात लावून पुन्हा पाकीट नेतो आणि शेठचं राहिलेलं टार्गेट पूर्ण होतं. हे मोठ्याने बोलायचं नसतं, एवढं शेठना कळतं. अशा वर्षी ते पटायाचे फोटो स्टेटसला ठेवत नाहीत आणि उधारी मागायलाही जरा उशिराच निघतात.

२०२३च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला, आणि दुकानात शेतकऱ्यांपेक्षा प्रवासीच जास्त दिसू लागले. भिशीचे ग्रुप, मास्तर मंडळी, गुत्तेदार, डॉक्टर. प्रश्न सगळ्यांचा एकच : ‘‘दोस्तमंडळी यायलेत, दिवस चारच हायेत, काय काय दाखवावं?’’

शेठ आधी चहा सांगतात. मग म्हणतात, ‘‘दाखवायचं मागून बगू. संगं कोण कोण हाये?’’

सगळा धंदा या प्रश्नावर चालतो. ‘वर्गमित्र’ असं उत्तर आलं की लगेच पोटप्रश्न येतो : ‘‘बायका घेऊन का बिगर बायकांचे?’’ ‘बिगर’ म्हटलं की शेठ गल्ला बंद करून खुर्ची पुढे ओढतात.

‘‘इमान पहाटं उतरतंय. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास म्होरं. झोप न झालेल्या दोस्ताला देऊळ दाखवायचं न्हाई, देवाचा अपमान हुतो. थेट पटाया गाठायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीडबोटीनं कोह लान बेट. बोटीत मागं बसा. पुढं बसलं की मणका माजलगावला पोचतो.’’

संध्याकाळच्या अल्काझार शोचं नाव निघालं की समोरचा माणूस इकडेतिकडे बघत हळूच विचारतो, ‘‘तसलं काई असतंय का?’’ इथे मात्र शेठ दुखावतात. ‘‘अवो, नाचगाणं हाये. कपडे बगा, लाइट बगा. बालगंधर्वांच्या शालूवर तुमच्या आज्यानं जीव ओवाळला, तवा कुणी इचारलं का?’’ आणि शोनंतरची वॉकिंग स्ट्रीट? ‘‘एकच चक्कर. हात खिशात, खिसा मुठीत. फोटो काढायला एकाचाच फोन भाईर काढायचा, अन् तो बिनलग्नाच्याचा.’’

सोबत कुटुंब असलं की हेच शेठ कीर्तनकाराच्या पट्टीत बोलायला लागतात. मुक्काम बँकॉकला. ग्रँड पॅलेस सकाळी उघडता उघडता. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, नाहीतर हौसेने हाफपँट घालून आलेला जावई फाटकावरच अडतो आणि त्याचा राग पुढचे चार दिवस उतरत नाही. पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत भिंतींवर १७८ चित्रांमध्ये अख्खं रामायण रंगवलेलं आहे. ते सावकाश बघावं. ‘‘फक्त तिथला मारुती संसारी हाये, बायका-पोरांचा. आजी संगं असली तर हे सांगत बसू नका.’’ तिथून जवळच वाट फो. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि त्याच्या पाठीमागे ओळीने मांडलेली १०८ भांडी. प्रत्येक भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं. ‘‘सासूबाई तिथं गुतून पडत्यात. तेवढ्यात आपण खर्चाचा हिशोब उरकून घ्यायचा.’’

तिसरा प्रकार माळकऱ्यांचा. सगळ्यांत अवघड, आणि म्हणून शेठच्या सगळ्यांत आवडीचा. थायलंडमध्ये नुसत्या भाजीतसुद्धा माशाचा रस्सा पडलेला असतो. तेव्हा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवसांपुरती न्यावी. पुढे रस्त्यावर पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं काहीतरी लिहिलेलं दिसलं, की डोळे झाकून जेवावं. तिथे मासमच्छर तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. ‘‘पंढरपुरात बी एवढी ग्यारंटी न्हाई.’’ माळकऱ्यांसाठी शेठनी छाछोंगसाओचा गणपती राखून ठेवलाय. ब्राँझचा, उभा, ३९ मीटर उंच. २०१२ साली पुरा झाला. बँकॉकहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत परत. ‘‘फोटो आधी ह्याचा टाकायचा. मंग गावात कुणी इचारत न्हाई, बाकीचे तीन दिवस कुठं हुते.’’

खरेदीला प्रातुनामचा बाजार. शेठना थाई येत नाही आणि इंग्रजी बेतास बात, पण घासाघीस चोख. विक्रेता कॅल्क्युलेटरवर आकडा मारतो, शेठ तो पुसून त्याच्या निम्मा मारतात. चार-पाच वेळा यंत्र इकडून तिकडे गेलं की सौदा ठरतो. माजलगावच्या जनावरांच्या बाजारात हाच सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा. तिथे रुमालाची जागा कॅल्क्युलेटरने घेतली, एवढाच फरक त्यांना जाणवला.

या सगळ्याचं सूत्र शेठ उठता उठता सांगतात. ‘‘एक देऊळ, एक बेट, एक बाजार. देऊळ सांगायला, बेट आपल्याला, बाजार घरच्यांला. चौथं काई घालायचं न्हाई. अन् तिसऱ्या दिवशीची दुपार मोकळी ठिवायची.’’

‘‘ती कामून?’’

‘‘भांडणाला. तिसऱ्या दिवशी दुपारी भांडण हुतंच. त्याला टाइम दिला न्हाई तर ते चौथ्या दिवशी विमानतळावर हुतं.’’

लोकांना वाटतं, ही विद्या शेठनी पटायात मिळवली. मला तसं वाटत नाही. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. यादवराजा रामचंद्राचा १३१० सालचा ताम्रपट ज्या गावात सापडला, तेच हे गाव. पण ताम्रपटाला विचारतो कोण? अधिक महिना आला की पुरुषोत्तमाच्या दर्शनाला सगळा मुलूख लोटतो, आणि माजलगावकराच्या घरी, ज्यांची नावंही आठवत नाहीत, असे नातेवाईक चपला काढत आत येतात. त्यात अधिक महिना म्हणजे जावयाच्या धोंड्याचा महिना, म्हणजे मानापानाचाही महिना. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून ठरलेलं होतं : पाहुण्यांना पहाटे गंगेवर न्यायचं, ओल्या अंगाने दर्शन, मग जत्रेत बांगड्या-खेळणी, घरी येऊन पुरणाचे धोंडे. म्हातारी मंडळी देवळासाठी, तरणी पोरं पाण्यासाठी, बाया बाजारासाठी. दुपारच्या जेवणानंतर एक जावई हमखास रुसायचा. वडील बैठकीत त्याच्यासाठी वेगळी बाज टाकून ठेवायचे आणि कुणाला तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. संध्याकाळी तो आपोआप चहाला उठायचा. पुढे सिंदफणेवर धरण झालं, पैठणहून १३२ किलोमीटर कालव्याने पाणी आलं, आणि पाहुण्यांच्या फेरीत धरणाची भिंतही सामील झाली. चक्र तेच राहिलं. पाहुणा कुठं दमतो, कुठं हट्टाला पेटतो, कधी त्याला घरची आठवण येते, हे शेठनी ओसरीवर बसून पाहिलेलं आहे. कोह लानला त्यांनी त्यावर फक्त स्पीडबोट चढवली.

तर यंदा स्कीम आली आणि शेठचा चेहरा उतरला. कंपनीने थायलंड बदलून व्हिएतनाम केलं होतं. दोन दिवस ते गप्प होते. कंपनीच्या माणसाला म्हणाले, ‘‘टार्गेट व्हिएतनामचं घ्या, पर तिकीट थायलंडचं द्या.’’ तो हसला, ऑर्डर लिहून घेतली आणि गेला. तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर दुकानात आले. पुण्याचे चार मित्र, सहकुटुंब, स्वखर्चाने, व्हिएतनामलाच निघालेले. शेठ पावतीबुकावर बराच वेळ पेन टेकवून बसले. माहीत नाही, हे कबूल करणं स्वभावात नाही. शेवटी सवयीने बोलले, ‘‘संगं बायका हायेत ना? मंग एक देऊळ, एक बेट, एक बाजार. तिसरी दुपार मोकळी ठिवा.’’

डॉक्टर परत आले ते पेढे घेऊन. दानांगजवळ मी सनला चंपा राजांनी बांधलेली महादेवाची देवळं बघितली, बोटीने बेटावर गेले, होई आनच्या बाजारात बायकांनी रेशीम घेतलं. तिसऱ्या दिवशी, दगडी वाटणाऱ्या भल्यामोठ्या हातांवर तोलल्यासारख्या दिसणाऱ्या पुलावर, दुपारी दोनच्या सुमारास, जेवायला कुठं जायचं यावरून दोन मित्रांची अशी जुंपली की पुढचा कार्यक्रम सोडून सगळे हॉटेलवर जाऊन झोपले. संध्याकाळी सगळं निवळलं.

‘‘शेठ, तुम्ही सांगितलं अगदी तस्संच झालं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘व्हिएतनामला कधी गेला होतात?’’

शेठनी पेढा तोंडात टाकला आणि पावती फाडता फाडता विचारलं, ‘‘माणसं आपलीच हुती ना?’’