मी काहीच केलं नाही

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी स्वतः जोडलेला आहे, हे वाक्य मी पाहुण्यांना चहा यायच्या आत ऐकवतो, कारण चहा झाल्यावर ते थांबत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानादुकानांतून मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस गोळा करायचे, मुंबई सेंट्रलला कॅबिनेट पोटाशी धरून संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये शिरायचं, वसईला उतरता यावं म्हणून भाईंदरपासूनच दाराकडे सरकत राहायचं, आणि घरी येऊन या सगळ्याला एकत्र वीज द्यायची, याला आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंग म्हणतात. मी कॉमर्सचा. सोसायटीचा खजिनदारही मीच, त्यामुळे मेंटेनन्सची सगळी बिलं याच यंत्राच्या पोटात.

तर 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरून हात काढून घेतला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 हवं आणि प्रोसेसर नव्या पिढीतला हवा. माझ्याकडे नुसता उत्साह होता. शेवटी हिच्या बहिणीचा मुलगा नालासोपाऱ्याहून आला, विंडोजच्या शेजारी लिनक्स बसवून दिलं आणि जाताना बजावून गेला, "काका, आता कशाला हात लावू नका." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून चांगला आहे.

पुढे एका रविवारी विंडोजमध्ये सहज डिस्कचा नकाशा उघडला, तर त्यात 8 जीबीचा एक तुकडा पडून होता. त्याला ना नाव, ना सी-डी-ई असं एखादं अक्षर. आता मी वसई-विरारचा माणूस. इकडे मोकळी जागा दिसली की पुढच्या पावसाळ्याच्या आत तिच्यावर मजले चढतात. मग माझ्याच घरातली जागा मी बेवारस का ठेवू? डिलीट म्हटलं. यंत्राने अदबीने विचारलं, नक्की का? मी त्याहून अदबीने हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काळा पडदा. त्यावर 'एरर: नो सच पार्टिशन', खाली 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. ती काही सांगेल म्हणून मी थांबलो. मी काही सांगेन म्हणून ती थांबली.

दोष सॉफ्टवेअरचा असेल असं माझ्या मनातही आलं नाही, कारण सॉफ्टवेअरला स्क्रूड्रायव्हर लावता येत नाही आणि माझ्याकडे नवाकोरा संच होता. वसईची खारी हवा लोखंडी ग्रिल खाते, तर रॅमला सोडेल होय, असं म्हणत मी कॅबिनेट उघडलं, मुलीच्या कंपासमधलं वासाचं खोडरबर घेऊन रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात घासले, मदरबोर्डवरची सीआर2032 ही नाण्याएवढी बॅटरी काढली, ती सोफ्याखाली गेली, ती शोधताना दिवाळीपासून हरवलेला रिमोट सापडला, आणि सगळं परत जागच्या जागी बसवून बटण दाबलं, तेव्हा यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं, जुना एरर नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी नवा उगवला होता. शिवाय रॅमला स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

नव्या एररमध्ये लिहिलं होतं, 'मीडिया टेस्ट फेल्युअर, चेक केबल'. इतकी स्पष्ट सूचना मला आयुष्यात प्रथमच मिळत होती, म्हणून मी राउटरची केबल तपासली, सेट-टॉप बॉक्सची तपासली, त्यात हिची मालिका ऐन लग्नघटिकेला बंद पडली, आणि मी फ्रिजमागे वाकलो तेव्हा आतून आवाज आला, "ताई, पोराला पाठव गं जरा."

भाचा आला. त्याने स्क्रूड्रायव्हरला हातही लावला नाही.

"काका, शेवटचं काय केलं होतंत?"

"काहीच नाही."

"आणि हे कॅबिनेट?"

"उघडंच होतं."

त्याने आतली लाल साटा केबल बोटाने दाबली. रॅम घासताना माझ्या कोपराने ती निसटली होती. डिस्क दिसेना, म्हणून यंत्र बिचारं नेटवर्कवरून सुरू व्हायला बघत होतं आणि नेटवर्कची केबल मागत होतं. घरातली एवढी एक केबल मी तपासली नव्हती. पडद्यावर पुन्हा 'ग्रब रेस्क्यू' उमटलं. जुना एरर परत आल्याचा मला इतका आनंद झाला, की मी आत चहा टाकायला सांगितलं. "स्वतः टाका," उत्तर आलं.

मग भाच्याने समजावलं. माझ्यासारख्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिले 512 बाइट राखीव असतात. त्यातले 64 पार्टिशनच्या यादीला, 2 शेवटच्या खुणेला, उरले 446. देवनागरीचं एक अक्षर साठवायला सहसा 3 बाइट लागतात, म्हणजे जेमतेम दीडशे अक्षरं. एवढ्यात मी पत्रातल्या 'सा. न. वि. वि.' च्या पुढे फारसा सरकत नाही. आणि तेवढ्या जागेत ग्रबचा पहिला तुकडा बसतो. तो पुढच्याला उठवतो, पुढचा आपला बाकीचा पसारा शोधतो, आणि मग लिनक्स की विंडोज असं विचारणारा मेनू येतो. 1995 पासून ग्रब हेच काम करतोय. माझी गाठ त्याच्याशी इतक्या उशिरा पडली, हे त्याचं नशीब.

"मग माझ्याकडे काय बिघडलं?"

"ग्रबचा पसारा सहा नंबरच्या फ्लॅटमध्ये होता. तुम्ही पाच नंबर पाडलात. त्यामुळे सहाचा झाला पाच, आणि पोस्टमन अजून सहा नंबर शोधतोय."

हे मला लगेच कळलं. खजिनदार आहे.

पाडलेला पाच नंबर म्हणजे लिनक्सची स्वॅपची जागा. रॅम कमी पडली तर सामान तिथे हलवतात. ती बेवारस नव्हती. विंडोजला तिची ओळख नव्हती, इतकंच. भाच्याने 'एलएस' लिहून पार्टिशन मोजली, 'सेट प्रीफिक्स' लिहून पाच नंबरचा पत्ता दिला, मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. चार ओळी. मेनू हजर. पुढे लिनक्स उघडताना दीड मिनिट अडून बसलं. गेलेल्या स्वॅपची वाट बघत होतं. आत शिरल्यावर भाच्याने 'ग्रब-इन्स्टॉल' चालवून नवा पत्ता कायमचा केला. एफएसटॅब फाइलीतली स्वॅपची ओळ तेवढी राहिली होती. "ती मी काढतो," म्हटलं, तर तो आणि ही एकाच सुरात "नको" म्हणाले.

बिलं सुखरूप निघाली. सोसायटीत कोणालाही त्याचा आनंद झाला नाही.

तेव्हा मंडळी, डिस्कवर निनावी तुकडा दिसला तर तो कोणाचा तरी आहे असं समजा. फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. काळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते कॅबिनेट उघडण्याआधी वाचा. आणि स्क्रूड्रायव्हर घरातल्या शहाण्या माणसाच्या ताब्यात द्या. आमच्याकडचा संच आता हिच्या शिवणाच्या डब्यात असतो, आणि मागितला तर आधी कारण लेखी द्यावं लागतं.